गाईच्या कानातलं स्वप्न

आमच्या शाळेत माझी दाढ प्रसिद्ध आहे. पौष लागला की ती दुखायला लागते आणि ज्वारीची काढणी आटोपली की आपोआप बरी होते. हुरड्याची आमंत्रणं नेमकी याच दिवसांत येतात. बरोबरीच्या बाई म्हणतात, "चला की हो, होटगी रस्त्याला मामांचा मळा आहे, कोवळी कणसं आहेत, शेंगांची चटणी आहे, गूळ आहे." मी गालाला हात लावते. त्या हसतात, मीही हसते. वर्षानुवर्षं एकच सबब सांगणाऱ्या माणसाला लोक खोटारडं म्हणत नाहीत, विक्षिप्त म्हणतात. ते मला परवडतं.

हुरडा मला आवडत नाही असं नाही. सोसत नाही तो त्याचा वास. गोवऱ्यांच्या आरात कणीस खुपसलं की जो करपट-गोड वास सुटतो, तो नाकात गेला की माझ्यापुढं शेत येत नाही, आई येते. कडब्याच्या झोपडीच्या तोंडाशी बसलेली, गुडघ्यावर हनुवटी टेकलेली, डोळे सताड उघडे. ती झोपत नव्हती. माझ्या लहानपणीची एक अख्खी सुगी त्या उघड्या डोळ्यांपुढून गेली, आणि दरवर्षी ज्वारी निसवली की ती सुगी पुन्हा आमच्या दारात येऊन उभी राहते.

त्या साली गावात उंदीर पडले. आजच्या मुलींना हे वाक्य सांगितलं तर त्या फिदीफिदी हसतील. तेव्हा कोणी हसत नसे. माळवदाच्या तुळईवरून उंदीर पटकन खाली पडायचा, स्वतःभोवती गिरकी घ्यायचा आणि मरायचा. तो दिसला की प्लेग आला असं समजून माणसं भांडीकुंडी बांधायची आणि गावाबाहेर निघायची. पडीक रानांतून कडब्याच्या आणि तट्ट्यांच्या झोपड्या उभ्या राहायच्या, आणि सुगी सरेपर्यंत गाव तिथंच नांदायचं.

पण आम्ही साळी. घरात हातमाग. विणकराच्या घराला इतरांसारखं झटकन उठता येत नाही. खळ देऊन वाळवलेला, मागावर चढवलेला उभ्या धाग्यांचा ताणा अर्धा टाकून घर सोडायचं नाही, अशी आमच्यात रीत होती. ताणा अर्धा राहिला की घरातलं काहीतरी अर्धं राहतं, असं म्हातारी माणसं सांगायची. बोळ रिकामा झाला. पलीकडचे तेलुगु बोलणारे विणकरसुद्धा गाड्या भरून गेले. आप्पा, म्हणजे माझे वडील, मागावरून उठले नाहीत. "एवढं लुगडं उतरू दे," ते म्हणायचे. "उतरलं की निघालोच." आई उंबऱ्यात उभी राहून त्यांच्या पाठीकडं बघत राहायची. तिच्या कडेवर सिद्राम असायचा.

सिद्राम माझा धाकटा भाऊ, अजून बोबडं बोलणारा. त्याला मागाचं वेड होतं. आमच्या मागाला जमिनीत खड्डा असतो. विणणारा काठावर बसतो, पाय आत सोडतो आणि तळाच्या पावड्या आळीपाळीनं दाबतो. पावडी दाबली की ताण्याचे धागे वरखाली होतात आणि त्यांच्यामधून धोटा पळतो. सिद्राम आप्पांच्या शेजारी काठावर बसायचा, पाय सोडायचा आणि जोरजोरात हलवायचा. पाय कुठले पोचायला! "पोचत न्हाईत," म्हणून रडकुंडीला यायचा. आप्पा धोटा न थांबवता म्हणायचे, "पोचतील रं. तुझं पाय पोचलं की म्या उठतो, तू बस."

लुगडं उतरायच्या आधी सिद्रामच्या काखेत गाठ आली.

त्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. लिहून काही होत नाही. एवढंच सांगते की तो गेला तेव्हा आईच्या मांडीवर होता आणि अंगावर चिंधीसुद्धा नव्हती, कारण तापामुळं त्याला कपडा सोसत नव्हता. लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. आप्पांनी ओढ्याकाठी स्वतः कुदळ मारली. मागं राहिलेले त्याचे कपडे प्लेगच्या तपासणीवाल्यांनी बोळाच्या तोंडाशी पेटवून दिले. त्यांत त्याची लाल कुंचीही गेली. थंडीत डोक्यावरून पाठीवर घ्यायची ती कुंची आईनं हातानं शिवली होती, आणि सिद्राम ती उन्हातसुद्धा काढू द्यायचा नाही.

मग आम्ही गाव सोडलं. गाडीत मागाची लाकडं होती, फणी होती, रहाट होता, आणि गुंडाळून घेतलेला तो अर्धा ताणा होता. कोणाची त्याकडं बघायची हिंमत नव्हती, आणि टाकून द्यायचीही नव्हती.

अक्कलकोटच्या रस्त्याला गौरव्वाच्या पडीक रानात आम्ही झोपडी घातली. गौरव्वा त्या रानाची मालकीण, एकटी, धिप्पाड बाई. घरात कानडी बोलायची, आमच्याशी मराठी आणि तिच्या गाईशी दोन्ही. पडीक तुकड्याला लागून तिची ज्वारी उभी होती, माणूस बुडेल एवढी उंच. सकाळी पानांवरून वारा आला की सपसप आवाज व्हायचा. दिवस वर आला की माळ्यावरचा राखण्या पाखरांवर ओरडायला लागायचा आणि त्याची हारोळी रानभर फिरायची. पहाटे दातांवर दात वाजायचे, आणि दुपारी त्याच जमिनीवर पाय भाजायचे. काळ्या मातीला एवढाल्या भेगा पडलेल्या, की आम्ही पोरं त्यांत चिंचोके टाकून कान लावायचो. आम्हां पोरांना झोपड्यांचे दिवस गमतीचे वाटायचे. शाळा नाही, अंघोळ नाही, अंगणाला भिंत नाही. सिद्राम नाही हे मध्येच कधीतरी आठवायचं आणि खेळ थांबायचा.

दुःख झालं की काही माणसं रडतात, काही कामाला लागतात. आप्पा कामाला लागले. त्यांनी झोपडीच्या शेजारी मांडव घातला आणि मागासाठी खड्डा खणायला घेतला. काळी माती ढासळते म्हणून पार मुरूम लागेपर्यंत खाली गेले. ओढ्यापलीकडून पांढरी माती आणून बाजू सारवल्या. खड्डा झकास झाला. कमरेएवढ्या खोलीत आप्पा उभे राहिले आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर जरासं समाधान दिसलं. कुदळ तीच होती. हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आईच्या आलं.

त्या दिवसापासून आईची झोप गेली.

आधी वाटलं, दुःखानं गेली असेल, येईल. मग दिसायला लागलं की झोप येत नाही असं नाही, ती येऊ देत नाही. मान कलंडायला लागली की दचकून उठायची, डोळ्यांवर पाण्याचे हबके मारायची. चिरलेला कांदा डोळ्यांशी धरून बसलेली मी तिला पाहिलं आहे. पहाटे मात्र शरीर तिचं ऐकायचं नाही. एक डुलकी लागायची आणि ती किंचाळून जागी व्हायची.

माझी आत्या आमच्यात राहायची. आप्पांची थोरली बहीण, तरुणपणीच नवरा गेलेली, जिभेला हाड नसलेली. ती रहाटावर धोट्यात घालायच्या कांड्या भरायची आणि कांडीगणिक कोणाला तरी शिव्या द्यायची. आईचं लक्षण बघून तिनं रीत सांगितली. "भागू, वंगाळ सपान पडलं तर गाईच्या कानात सांग. गाय ते घिऊन जाती. पर मानसाला सांगू नगंस, न्हाईतर फिरून आपल्याच अंगावर येतंय." आईनं ऐकलं. रोज सकाळी चूळ भरायच्या आधी ती गौरव्वाच्या गाईपाशी जायची, तिच्या कानाला तोंड लावायची. ओठ हलायचे. गाय कान झटकायची आणि वैरण खात राहायची.

आता कळतं की आमचा घात त्या रीतीनंच केला. आई सांगेना, कारण सांगायचं नसतं. आणि आम्ही विचारेना, कारण विचारायचं नसतं. त्यातून पहाटेचं स्वप्न खरं होतं, हे तर शेंबडं पोरसुद्धा सांगेल. म्हणजे आईला जे दिसत होतं ते खरं होणार होतं, रोज नव्यानं, आणि तिच्या बाजूनं साक्षीला फक्त गाय होती.

आई झिजत गेली. भाकरी थापायची आणि तव्यावर टाकायची विसरायची. रहाटावर बसली की धाग्याचा गुंता करायची. बोलायला गेलं तर आपल्याकडं न बघता आपल्या पाठीमागं बघायची. एकदा गौरव्वा आत्याला बाजूला घेऊन म्हणाली, "यव्वा, हिला इहिरीपासनं लांब ठेवा. म्या असले डोळे बगितलेत." आत्या एरवी तिच्यावर खेकसली असती. त्या दिवशी तिनं आपल्या पदराची आणि आईच्या पदराची गाठ मारली आणि तेव्हापासून दोघी बांधलेल्याच फिरायच्या, परसाकडं जातानासुद्धा. आम्हां पोरांना ते बघून हसू यायचं. आत्याच्या डोळ्यांकडं पाहिलं की हसू जायचं.

आप्पांनी माग जोडला. राहिलेला ताणा चढवला. एका सकाळी पहिल्यांदा विणायला म्हणून काठावर बसले आणि खड्ड्यात पाय सोडले.

"पाय दिऊ नका!" आई ओरडली. असला आवाज मी परत ऐकला नाही. "तितं पोरगं हाय! बगा की खाली! रोज त्येच्यावर पाय देताय तुमी!"

आप्पांनी खाली पाहिलं. मग हातांनी एकेक पाय उचलावा तसे पाय बाहेर काढले, उठले आणि लांब बांधावर जाऊन आमच्याकडं पाठ करून बसले. शेजारच्या रानात राखण्या ओरडतच होता.

मग सगळं बाहेर आलं. सिद्राम मागाच्या काठावर बसलेला, उघडा, ओठ निळे पडलेले, पाय खड्ड्यात सोडलेले. तो आईकडं हात करतो. तेवढ्यात आप्पा येतात, त्यांना तो दिसत नाही, ते बसतात आणि विणायला लागतात. आईला ओरडायचं असतं, पण आवाज फुटत नाही. रोज हेच.

आत्या भडकली. "येवढं दिस हे गाईला सांगत हुतीस व्हय गं? गाय काय करनार हाय?"

"तुमीच सांगितलं हुतं, वन्सं," आई म्हणाली.

आत्या खाली बसली. मग ती म्हणाली, "व्हय. म्याच सांगितलं हुतं. चुकलं माझं. आता मला सांग."

लोक आता म्हणतात, तुमची आत्या फार शहाणी असणार. मुळीच नव्हती. तिला काहीएक सुचत नव्हतं. भावजय डोळ्यांदेखत चालली होती, भाऊ बांधावर दगड होऊन बसला होता, आणि देवऋषी झाला, अंगारा झाला, गाय झाली. पुढं करायला काही उरलं नाही म्हणून ती विचारायला लागली. बुडणारा माणूस काडीला धरतो, तशी तिनं स्वप्नाला धरलं.

पण एक गोष्ट तिला सुचली, आणि ती आठवली की मला आजही हसू येतं आणि रडूही. ती म्हणाली, "पहाटंचं सपान खरं हुतंय न्हवं? मग पहाटं निजूच नगंस. दुपारी निज. दुपारच्या सपनाला कोन इचारतंय! ते खरं धरत्यात असं कुन्या शास्त्रात हाय?" शास्त्राची अशी पळवाट काढून तिनं आईला भर उन्हात, झोपडीच्या कुडाला लागून कडब्यावर निजवलं. स्वतः तिच्या उशाशी रहाट घेऊन बसली. पदराची गाठ होतीच. आई घाबरत घाबरत डोळे मिटायची. रहाटाची घरघर चालू असायची. थोड्या वेळानं किंचाळी यायची, आणि आत्या रहाट न थांबवता विचारायची, "सांग. काय घातलंय त्येनं?"

"उघडाच हाय."

"हात कुटं हायेत?"

"माज्याकडं केल्यात."

"आन पाय? पोचत्यात का पावडीला?"

"न्हाईत पोचत, वन्सं." आणि आई हंबरडा फोडायची.

अर्थ मात्र आत्यानं कधी लावला नाही. पलीकडच्या झोपडीतली एक म्हातारी एकदा सांगायला आली, की मूल हात करतंय म्हणजे आईला बोलावतंय. आत्यानं तिच्या अंगावर फुकणी उगारली. "अर्थ तुज्या घरी ने. हितं आमाला पोरगं काय म्हनतंय ते ऐकू दे." मला पुढं पंचांगात स्वप्नांच्या फळांचं पान सापडलं. साप दिसला तर धनलाभ, दात पडला तर आप्ताला पीडा. मी ते वाचलं आणि पंचांग मिटून ठेवलं. स्वप्नाचा अर्थ सांगणं सोपं असतं, सांगणाऱ्याला तिथं परत जायचं नसतं. आईला दुसऱ्या दुपारी तिथंच परत जायचं होतं, आणि आत्या तिला रोज एवढुसं काम लावून धाडायची. "आज त्येला हाक मार." हाक फुटली नाही. "मग नुसता हात कर." एका दुपारी आईनं स्वप्नात हात केला. उठल्यावर ती घामानं भिजली होती आणि म्हणत होती, "गार हाय, वन्सं. त्येचा हात लई गार हाय. त्येला काय तरी घालाया पायजे."

"मग घाल की."

"काय घालू? कुंची जाळली की त्येंनी."

रहाट पहिल्यांदाच थांबला. आत्यानं मांडवाकडं पाहिलं. "मग वीण," ती म्हणाली.

आमच्या घरात बाया सगळं करायच्या. ताणा लावायच्या, खळ द्यायच्या, कांड्या भरायच्या. मागावर बसायच्या नाहीत. पण खरी अडचण ती नव्हती. विणायचं म्हणजे आईला त्याच खड्ड्यात पाय सोडायचे होते. ती काठाशी आली आणि पाय पोटाशी घेऊन बसली. सकाळ गेली. ऊन मांडवातून सरकत सरकत पलीकडं गेलं. आत्या शिव्या देऊन थकली, मग विनवून थकली. आई "त्येच्यावर पाय पडंल," एवढंच म्हणत होती.

तेव्हा आप्पा बांधावरून उठून आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते मागाच्या काठाशी पालथे पडले, खांद्यापर्यंत हात खड्ड्यात घातला आणि तळ चाचपायला लागले. इकडून तिकडं, कोपऱ्याकोपऱ्यातून, अगदी हळूहळू. मग मान वर न करताच म्हणाले, "सरकलाय त्यो. तुला जागा दिलीया. बस."

आईनं पाय सोडले.

ती वाईट विणायची. धोटा पडायचा, कड वाकडी जायची, बाण्याचा आडवा धागा कुठं सैल कुठं घट्ट. आप्पा बाजूला उभे राहून बघायचे आणि बोटांची चाळवाचाळव करायचे. दुपारी आई निजायची, काय दिसलं ते आत्याला सांगायची, आणि उठून जे दिसलं ते विणायची. त्याच्या पायाला काळी माती लागलेली दिसली, तर काळ्याची एक ओळ. हातात कोवळं कणीस दिसलं, तर लुगड्यासाठी आणलेल्या हिरव्या सुताचे चार धागे. एके दिवशी "हसला" म्हणाली आणि लाल सूत संपेपर्यंत उठली नाही. आप्पांच्या हातचे काठ नावाचे असायचे, गिऱ्हाईक नाव घेऊन मागायचं. हा काठ बिननावाचा होता. तो बघून मला भीतीही वाटायची आणि बघत राहावंसंही वाटायचं. ज्या ताण्यापायी आम्ही गावात अडकून पडलो, त्याच ताण्यावर तो उतरत होता. हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं.

कापड उतरलं. आईनं कुंची शिवली, उशाशी घेतली आणि निजली. त्या दुपारी किंचाळी आली नाही. ऊन कललं, अंगावर सावली आली, आत्यानं गोधडी घातली, तरी ती निजलेलीच. उठली तेव्हा आत्यानं विचारलं, "काय घातलंय?"

"कुंची."

"पाय?"

"न्हाई दिसलं." आईनं उशाची कुंची चाचपली. "खड्डा रिकामा हाय, वन्सं. म्या घातली, त्येनं हात वर केलं, म्या बाहीर काढलं. मग चालत ज्वारीत शिरला. कनसं हालत हुती तंवर कळत हुतं. मग हालायची थांबली."

आत्यानं कडाकडा बोटं मोडली आणि रडत रडत पदराची गाठ सोडली. गौरव्वानं त्या आनंदात आगटी पेटवली आणि आम्हांला हुरडा खायला घातला. मी पोटभर खाल्ला. आईही दोन घास खाऊन निजली, आणि सकाळपर्यंत निजली. सगळ्यांना वाटलं, सुटली.

पुढच्या दुपारी ती निजायला गेली, कोणी न सांगता. उठली तर चेहरा कोरा. त्याच्या पुढच्या दुपारीही तसंच. मग ती दिवसातून कधीही निजायला लागली, सकाळी, जेवल्यावर, तिन्हीसांजेला. झोप गाढ यायची, अन् तिच्यात काहीच नसायचं. आणि एक दिवस रहाटावर बसलेल्या आत्यासमोर उभी राहून ती म्हणाली, "उघडा हुता, गारठल्याला हुता, पर हुता तरी. तुमी माजं पोरगं दुसऱ्यांदा न्येलंत, वन्सं."

ते वाक्य आत्याच्या मनातून आयुष्यभर गेलं नाही. मरताना तिनं माझा हात धरून विचारलं होतं, "यमे, म्या वाईट क्येलं का गं?" मी नाही म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं.

सुगी सरली, लोक गावात परतायला लागले. गौरव्वाला रान मोकळं करून द्यायचं होतं. आप्पा खड्डा बुजवायला निघाले तेव्हा आईनं ती कुंची नेऊन तळाशी ठेवली. "त्येला ही जागा ठावं हाय," म्हणाली. आप्पांनी माती लोटली. पुढच्या साली त्या तुकड्यात ज्वारी पेरली, आणि चांगली आली असं गौरव्वा सांगत होती. माझी दाढ तेव्हापासून दुखते.

आता मी शाळेत शिकवते. लग्नानंतर लवकरच मी माहेरी परत आले, त्या गोष्टीला इथं जागा नाही. गिरण्यांच्या भोंग्यांवर गाव उठतं-बसतं आणि हातमागाचा आवाज बोळात कमी कमी होत चालला आहे. आप्पांना दिसत नाही, तरी ते बोटांच्या सवयीवर विणतात, दिवसाला वीतभर. मी शंभरदा सांगून पाहिलं, "आता पुरे झालं, उठा." त्यांचं एकच उत्तर, "उठून कुनाला बसवू?" आणि आई दर सुगीला दुपारी माळवदावर जाऊन उन्हात निजते. इतक्या वर्षांत सिद्राम एकदाही आलेला नाही.

या वर्षी मार्गशीर्षातच तिनं अन्न कमी केलं. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही. मला ते आधीच ठाऊक होतं. "एकदा दिसला की झालं," ती म्हणते. इतरांच्या आया वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून देवाला हात जोडतात. मी जोडले ते माझ्या आईला ते वाईट स्वप्न परत मिळावं म्हणून. किती वाईट असलं तरी चालेल, उघडा दिसला तरी चालेल, पण दिसू दे. देवाला ही मागणी कळली नसावी. तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं. मी हताश झाले. आत्याला तेव्हा कसं वाटलं असेल, ते मला यंदा समजलं.

म्हणून या वर्षी माझी दाढ दुखली नाही. बाईंनी विचारलं आणि मी म्हटलं, "येते की." त्यांचा विश्वास बसेना. मळ्यात मी हुरड्याला हात लावला नाही, फक्त पदरात कोवळी कणसं घेऊन आले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी माळवदावर आईच्या उशाशी गोवऱ्या पेटवल्या, आत्याचा रहाट वर चढवला आणि तो फिरवत बसले. कणसं भाजायला लागली. त्या सुगीचा तो वास सुटला. मी रहाट थांबवला नाही. आईच्या नाकपुड्या हलल्या. ती निजली.

ऊन कललं. खालून माळवदाला उजेडासाठी ठेवलेल्या सवण्यातून आप्पांच्या मागाचा आवाज वर येत होता, थांबत थांबत. आईनं डोळे उघडले. मी आत्यासारखंच विचारलं. मला दुसरं काही विचारता येत नाही.

"काय घातलंय गं त्यानं?"

"कुंची," आई म्हणाली. "पर आकूड झालीया. लई वाडलाय त्यो. मिसरूड फुटलंय." ती हसत होती. तिला हसताना पाहायची मला सवय नाही, म्हणून मी मान फिरवली.

"कुठं होता?"

"मागावर. बसलाय काठावर."

रहाट फिरवत फिरवतच मी विचारलं, "आणि पाय?"

"पोचत्यात की," आई म्हणाली, चांगली मोठ्यानं. "पावडीला पोचत्यात त्येचं पाय."

खाली मागाचा आवाज थांबला. मी सवण्यातून वाकून पाहिलं. आप्पा धोटा हातात घेऊन ऐकत होते. मग त्यांनी तो ताण्यावर ठेवला, चाचपत दोन्ही पाय खड्ड्यातून वर काढले, आणि भिंतीचा आधार घेत मागावरून उठले.